कानापुढचा सांधा

जबड्याच्या सांध्याचा रुग्ण जबड्याची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो दाढ दुखते म्हणून येतो, नाहीतर कान ठणकतो म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेला असतो. दाढ ठोकून पाहावी तर खणखणीत, कानात पाहावं तर पडदा स्वच्छ. मग विचारत गेलं की बाकीचं बाहेर येतं. सकाळी उठल्यावर कानशिलं जड असतात, भाकरीचा तुकडा चावताना कानापुढे कळ जाते, जांभई दिली की कट् असा आवाज होतो. एका आजींनी त्या आवाजाचं वर्णन 'कानात कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी फोडतंय' असं केलं होतं. पाठ्यपुस्तकातही इतकं नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही.

या टप्प्यापर्यंत माणूस दुर्लक्ष करतो. मग एखाद्या सकाळी तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, आणि घरात धावपळ सुरू होते. कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं, कुणी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाचं. मोबाइलवर शोधलं की शस्त्रक्रियेची छायाचित्रं समोर येतात. या गडबडीत घेतलेले निर्णय पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतात. निरोगी दाढेचं रूट कॅनल होतं, तरी दुखणं राहतं म्हणून ती काढली जाते, मग शेजारची संशयित ठरते. ओळीने तीन दाढा गमावून आलेली माणसं मी पाहिली आहेत. दुखणं दाढेत नव्हतंच. गालातल्या चावण्याच्या स्नायूत होतं, आणि त्या स्नायूची कळ दाढेत उमटते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

ही पुस्तिका त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. शस्त्रक्रियेशिवाय काय करता येतं, हा तिचा विषय. शस्त्रक्रियेला विरोध म्हणून ती लिहिलेली नाही. पडल्यावर तुटलेलं जबड्याचं हाड किंवा लहान मुलाचा पूर्ण चिकटलेला सांधा व्यायामाने सुटत नाही, तिथे शल्यविशारदच हवा. पण सांध्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत असे थोडे. बाकीच्यांना चाकूची गरज पडत नाही, आणि हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

आता तो सांधा हाताला लागू द्या. दोन्ही तर्जनींची टोकं कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्याच्या अगदी पुढे टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. सुरुवातीला बोटाखालचं हाड जागच्या जागी फिरतं. आणखी उघडलं की ते पुढे सरकतं आणि बोटाखाली खळगा पडतो. फिरणं आणि सरकणं अशी दोन्ही कामं हा एकच सांधा करतो, आणि डावा उजव्याला सोडून हलू शकत नाही, कारण दोघांचं हाड एकच. हाडाचं डोकं आणि कवटी यांच्यामध्ये कूर्चेसारखी चिवट चकती असते, कडेला जाड, मध्ये पातळ. ती पुढे घसरली की तोंड उघडताना हाड तिच्यावर टुणकन चढतं. तोच तो आवाज. चढताच आलं नाही तर तोंड अर्ध्यावर अडतं. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावली, तर ढोबळ मानाने ठीक आहे असं समजावं.

दुखणं मात्र बहुतेकदा चकतीचं नसतं. ते गालातल्या आणि कानशिलावरच्या स्नायूंचं असतं. दात एकमेकांवर दाबून धरण्याची सवय हे त्याचं नेहमीचं कारण. खाण्या-गिळण्याचा वेळ धरला तरी दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकण्याची गरज फार थोडी असते, सगळी मिळून अर्धा तासही नाही. कपाळाला आठ्या घालून हिशेब करणारा, गाडी चालवणारा, पाळी-पाळीने फोन आणि मूल सांभाळणारी, ही माणसं तासन् तास दात दाबून बसतात आणि त्यांना पत्ता नसतो. रात्री झोपेत दात खाणारे वेगळेच. त्यांच्या घरच्यांना पत्ता असतो.

आवाजाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजावर उपचार करायचा नसतो. पुष्कळ निरोगी माणसांच्या जबड्यात तो असतो आणि आयुष्यभर काही न बिघडता राहतो. आवाज घालवण्यासाठी म्हणून कुणी दात घासून चावा 'बसवून' देतो म्हणाला, तर तिथून उठावं.

हा चावा बसवण्याचा सोस आला कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसातज्ज्ञाने ११ रुग्णांवर एक लेख लिहिला. मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, सांध्याचं हाड मागे रुततं, नसा दाबल्या जातात आणि म्हणून कान दुखतो, गुणगुणतो, चक्कर येते, असा त्याचा तर्क. तर्क आकर्षक होता. पुढे शरीररचनाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या नसा तिथे तशा दाबल्या जाणं शक्यच नाही. पण तोवर दंतवैद्यकाच्या हाती एक काम आलेलं होतं: चावा उंच करा, दात घासा, टोप्या बसवा. पुढची कित्येक दशकं तेच चाललं. दात घासून चावा जुळवल्याने हा विकार बरा होतो किंवा टळतो, याचा पुरावा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी नंतर शोधला, तेव्हा तो सापडला नाही. घासलेला दात मात्र पुन्हा उगवत नाही.

मग चकतीचं युग आलं. १९८० च्या आसपास सांध्याच्या नव्या प्रतिमा मिळू लागल्या, घसरलेली चकती डोळ्यांना दिसू लागली, आणि दिसली म्हणजे तीच गुन्हेगार असं धरून ती जागेवर शिवणं किंवा काढून टाकणं सुरू झालं. काढलेल्या चकतीच्या जागी ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीची प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची कृत्रिम चकती हजारो रुग्णांना बसवली गेली. जबड्याचं ओझं त्या पदार्थाला झेपलं नाही. त्याचा चुरा होऊ लागला, त्या कणांवर शरीराने हल्ला चढवला, आणि त्या झटापटीत भोवतीचं हाड झिजलं. काहींचं तर थेट कवटीच्या तळापर्यंत. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला, कंपनी दिवाळखोरीत गेली, रोपणं परत काढावी लागली. दुखरा सांधा घेऊन गेलेली, बहुतांशी तरुण बायका असलेली ही माणसं एकामागून एक शस्त्रक्रियांत अडकली. अशाच उपचारांतून होरपळलेल्या रुग्णांची टीएमजे असोसिएशन ही संस्था टेरी काउली यांनी १९८६ मध्ये आणखी एका रुग्णाबरोबर उभी केली होती. डॉक्टरांनी आधी काय टाळावं, हे या संस्थेने जितकं ठणकावून सांगितलं तितकं वैद्यकाच्या सभांतही क्वचित सांगितलं गेलं.

चकतीचा सिद्धांत कसा ढासळला ते आणखी मजेचं आहे. जपानच्या ओनिशी यांनी १९७० च्या दशकात या इवल्याशा सांध्यात दुर्बीण घालून दाखवली होती. पुढे शल्यविशारद दुर्बिणीतून चकती सोडवू लागले आणि अडकलेली तोंडं उघडू लागली. नंतरच्या प्रतिमांत मात्र पुष्कळांची चकती होती तिथेच, पुढे घसरलेली. मग तोंड कशाने उघडलं? दुर्बीण नीट दिसावी म्हणून जे सलाइन सोडलं जात होतं, त्याने सांधा धुतला जात होता! १९९१ मध्ये डॉरिट नित्झान आणि सहकाऱ्यांनी दुर्बीण वगळून नुसत्या दोन सुयांनी सांधा धुण्याची पद्धत मांडली. चकती जागेवर नसतानाही माणूस नीट खाऊ शकतो, हे यातून उघड झालं. शरीर जुळवून घेतं. चकतीमागची मऊ ऊती हळूहळू घट्ट होऊन चकतीचं काम करू लागते, त्याला वेळ द्यावा लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने या विकाराच्या जुनाट वेदनेवर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका छापली. तिच्या समितीत रुग्णही होते. समितीने ठामपणे शिफारस केलेल्या गोष्टी वाचून आपल्याकडचा रुग्ण हिरमुसेल: देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने सांधा व स्नायू मोकळे करणं, मान-पाठीची ढब सुधारणं, वेदनेला तोंड देण्यासाठी मानसोपचारातली वर्तनपद्धती, आणि घरी करायची काळजी, समज व धीर. चकती काढण्याला आणि दात कायमचे हलवणाऱ्या पट्ट्यांना ठाम नकार. बोटॉक्स, लेझर, स्टेरॉइडची इंजेक्शनं इतकंच काय, सांधा धुणंसुद्धा सरसकट करू नये, असा कल. म्हणजे महागड्या गोष्टी मागे आणि फुकटच्या पुढे.

आमच्या दंतवैद्यांच्या आवडत्या रात्रीच्या अ‍ॅक्रिलिक पट्टीबद्दलही ती मार्गदर्शिका नाखूश आहे. इथे माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते पुस्तिकेतही दिसेल. दात खाणाऱ्या माणसाचे दात झिजू नयेत म्हणून सपाट, काढता-घालता येणारी पट्टी मी देतो. तिने दुखणं जाईल असं वचन देत नाही. आणि पट्टी घातल्यावर काही महिन्यांत चावा बदलल्यासारखा वाटला, तर ती बंद करायची.

आपले जुने ग्रंथ या बाबतीत सुटसुटीत आहेत. चरकाच्या वातव्याधिचिकित्सेत निखळलेल्या जबड्याला शेक देऊन, अंगठ्यांनी आतून दाबून आणि बोटांनी हनुवटी उचलून तो जागेवर बसवण्याची रीत आहे. सुश्रुत त्यावर पाच टोकांची पट्टी बांधायला सांगतो. आज जिल्हा रुग्णालयात रात्री जांभई देताना जबडा निखळलेला माणूस आला, तर कर्तव्यावरचा डॉक्टर अंगठे मागच्या दाढांवर ठेवून खाली-मागे दाबतो आणि हनुवटी वर करतो. तीच युक्ती. ती डॉक्टरच्या हातची आहे, घरी करून पाहायची नाही.

आता आपल्या भागाचं. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर, मुंबई त्याच्या अडीचपट लांब. जिल्ह्यात खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, तरी राजापूरच्या किंवा मंडणगडच्या माणसाला जबड्याच्या तज्ज्ञाला भेटायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. हे अंतर इतर आजारांत जिवावर बेततं. या आजारात मात्र उपचाराचा मोठा भाग घरात, आरशासमोर होतो. जवळचा दंतवैद्य आणि तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट एवढी दोन माणसं एकमेकांशी बोलली, तर बहुतेकांना घाट ओलांडायची वेळ येत नाही.

खाण्याचंच घ्या. सांधा दुखतोय तेव्हा दोन-तीन आठवडे मऊ खा म्हणून इंग्रजी पुस्तकं सूप आणि दही सांगतात. आपल्याकडे पेज आहे, मऊभात आहे, कुळथाची पिठी आहे, शिजलेला मासा आहे. तांदळाची भाकरी ताजी आणि मऊ असली तर आमटीत कुस्करून चालते. बंद करायचं ते आंबापोळी, फणसपोळी, भाजलेल्या आठळ्या, चिक्की आणि अर्थात सुपारी. हापूस खाऊ नका असं रत्नागिरीत सांगणारा डॉक्टर टिकणार नाही. फोडी करून किंवा रस काढून खा, आख्ख्या आंब्याला तोंडाचा आ वासून भिडू नका. दाताने दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, पेनाचं टोपण चावणं, फोन खांदा आणि कानामध्ये धरणं, पालथं झोपणं, या सवयींची यादी पुस्तिकेत आहे. ती वाचताना प्रत्येकाला आपली एक तरी सापडेल.

व्यायाम सोपे आहेत आणि म्हणूनच कुणी करत नाही. मूळ पवित्रा असा: 'न' म्हणा आणि जीभ जिथे लागली तिथेच, वरच्या दातांच्या मागे, टेकलेली राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसभर जबडा असाच असायला हवा. दर तासाला, घड्याळात पाहिलं की, दात टेकलेत का एवढं तपासायचं. मग जीभ टाळूला लावूनच तोंड जेवढं उघडतं तेवढंच सावकाश उघडायचं-मिटायचं. जीभ टेकलेली असली की हाड पुढे फार सरकत नाही, जागेवर फिरतं. आरशात पाहा, हनुवटी नाकाच्या रेषेत खाली जायला हवी, बाजूला वळू नये. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांचा सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहा वेळा हा क्रम जगभर शिकवला जातो. सगळं मिळून दर वेळी दोन मिनिटं लागतात. जोडीला गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक, गालावर आणि कानशिलावर पंधरा-वीस मिनिटं. कोमट खोबरेल लावून गाल चोळायचा असेल तर खुशाल चोळा. जांभई येते असं वाटलं की मूठ हनुवटीखाली धरा, म्हणजे तोंड बेताबाहेर उघडत नाही.

एक अडचण मात्र खास आमच्या गावची आहे. इथे १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. त्यामुळे दुखण्यामागे ताण आहे, समुपदेशकाला भेटा, असं म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. 'म्हणजे मी वेडी?' असं सरळ विचारणाऱ्या बायका आहेत. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही वीस ते चाळीस या वयात जास्त दिसतो, आणि 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावल्या जाणाऱ्यांतही त्याच जास्त. दुखणं खरं असतं. झोप मोडली, काळजी वाढली की मेंदू तेच दुखणं मोठ्या आवाजात ऐकतो, आणि तो आवाज कमी करायच्या पद्धती शिकता येतात, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ. डॉक्टरांनी तो नीट समजावून सांगायला वेळ काढला पाहिजे. चिठ्ठीवर 'स्ट्रेस' एवढं खरडून रुग्णाला पाठवणं हा उपचार नव्हे.

आता जे सांध्याचं नाही ते ओळखायचं. तिखट लागताच तोंड झोंबतं, गाल आतून चामड्यासारखा ताठ, पांढुरका झालाय आणि तोंड महिन्यागणिक कमी उघडतंय, तर ते सुपारी-गुटख्याचं काम. मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतीय रुग्णांत या रोगाचं वर्णन केलं, आणि १९५६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या पेमास्टर यांनी त्यातून कर्करोग उद्भवतो हे दाखवलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. अशा तोंडाला जबड्याचे व्यायाम देत बसून महिने घालवणं धोक्याचं आहे. त्याची तपासणी लगेच झाली पाहिजे.

आणखी काही खुणा. चिरेखाणीत, बागेत, होडीवर जखम झाली आणि काही दिवसांनी जबडा ताठरला, तर धनुर्वाताची शंका घेऊन थेट रुग्णालय गाठा. चढ चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की दुखायचं थांबतं, तर हृदय तपासा. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, कानशीलही दुखतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. उशिराने डोळा जाऊ शकतो. ताप आणि सूज असेल तर अक्कलदाढेत पू असण्याची शक्यता जास्त. झाडावरून किंवा मोटारसायकलवरून हनुवटीवर पडलेल्या मुलाचा, हनुवटीची जखम शिवली तरी, कानापुढचा एक्स-रे काढाच. तिथलं मोडलेलं हाड नजरेतून सुटलं तर पुढे सांधा चिकटतो आणि जबड्याची वाढ खुंटते.

पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता जोडला आहे. रोज सकाळी, दात घासायच्या आधी, साधी मोजपट्टी समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी धरून तोंड न दुखता किती मिलिमीटर उघडतं ते लिहायचं. शेजारी दुखण्याला दहापैकी गुण, आणि व्यायाम किती वेळा झाले ते. खोटं लिहू नका, तो तक्ता तुमच्याखेरीज कुणी तपासणार नाही. सहा आठवडे भरा. आकडे वर सरकत असतील तर आहे तेच चालू ठेवा. जागचे हलले नाहीत तर तज्ज्ञाला भेटायला जरूर जा, आणि जाताना एक्स-रेच्या आधी तो कागद पिशवीत घाला.